डाव्या कानाची पावती

“गेलेल्याचा कागद तारेवर लावायचा. आलेल्याचा लावायचा नाही. एवढं सांभाळा, बाकीचं तार बघून घेईल.”

चष्मेवाल्यांचा हा आवाज अजून माझ्या आकड्यात अडकून राहिला आहे. हातात कपड्यांची पिशवी घेऊन ते दाराशी उभे होते, श्वास पुरत नव्हता, तरी वाक्य पुरे करूनच बाहेर पडले.

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. घरातल्या पावत्या आणि बिले टोचून ठेवतात ना, तीच. वर आकडा, खाली चकती, मध्ये हातभर लांबीची मी. माझ्याकडे पाहून कोणी थांबेल असे माझ्यात काही नाही. पण थोडा वेळ थांबलात, तर मी जे पाहिले ते तुम्हाला सांगेन.

मी तार म्हणून जन्माला आले नाही. आधी मी एका काळ्या छत्रीची काडी होते. आम्ही आठ बहिणी एकदम उघडायचो आणि एकदम मिटायचो, वेगळे आयुष्य कोणालाच ठाऊक नव्हते. एका दुपारी भर रस्त्यात सोसाट्याच्या वाऱ्याने छत्री उलटी केली. सात जणी वाकल्या, मी एकटी सरळ राहिले. चष्मेवाले ओलेचिंब होऊन घरी आले तेव्हा काकू म्हणाल्या, “आता टाका ते धूड.” त्यांनी टाकले नाही. पकडीने मला सोडवले, एका टोकाला वाकवून आकडा केला आणि काचा घासायच्या दगडावर त्या आकड्याला टोक काढले.

राहिली चकती. चष्मेवाल्यांचा धंदा चष्म्यांचा. पुढे दुकान, मागे राहते घर. नंबर चुकल्यामुळे वाया गेलेल्या काचा त्यांच्याकडे खणभर होत्या. त्यातल्या एकीला मधोमध भोक पाडून ती माझ्या पायाशी बसवायची, असे त्यांनी ठरवले. तीन काचा फुटल्या, चौथी टिकली.

“एका तारेपायी तीन काचा,” काकू म्हणाल्या. “बाजारात अशा तारा डझनाने मिळतात.”

“बाजारातल्या तारेला दिसत नाही,” चष्मेवाले म्हणाले.

ते गमतीने म्हणाले असतील, पण त्या काचेमुळेच की काय, मला सगळे जरा मोठे दिसते. म्हणून मी पहिल्यापासून चौकस.

दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या चौकटीवर एका खिळ्याला मला टांगले. इकडे पाहिले की गिऱ्हाइके भिंतीवरची अक्षरे वाचताना दिसत, तिकडे पाहिले की काकू भाजी निवडताना दिसत. घरात माणसे तीनच. चष्मेवाले, त्यांची पत्नी काकू, आणि चष्मेवाल्यांची धाकटी बहीण. तिला काकू ‘वन्सं’ म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणते. त्या एकट्या, भावाकडेच राहायच्या. दुकानात विकल्या जाणाऱ्या चष्म्यांना लोकरीची घरे विणून देत. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. उजव्या कानात यंत्र होते, डावा कान तसाच. त्यामुळे जेवताना त्यांची जागा ठरलेली होती. सगळी माणसे उजवीकडे, डावीकडे भिंत.

काकूंचा एक नेम होता. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या हात जोडत आणि दिवसभरात तोंडून निघालेले खोटे हलक्या आवाजात दिव्याला सांगून टाकत. “शेजारणीला म्हटलं साखर संपली, संपली नव्हती.” “गिऱ्हाइकाला म्हटलं काळी फ्रेम शोभते, तितकीशी शोभत नव्हती.” मग त्या जेवायला बसत. ज्या दिवशी सांगायला काही नसे त्या दिवशी त्यांचाच विश्वास बसत नसे. पुन्हा आठवून पाहत.

आणि माझे काम? घरातून पैसा गेला की त्याचा कागद माझ्यावर यायचा. विजेचे बिल, दुकानाचे भाडे, फ्रेमच्या कारखान्याची पावती. कागद टोचला जाताना एक क्षण माझ्या अगदी जवळ असतो, तेवढ्यात मी तो वाचून घेते. माणसांचे केवढे तरी मला असे कळले. काकूंना दाढदुखी आहे हे घरात कोणाला कळण्याआधी मला कळले. चष्मेवाले स्वतः दुसऱ्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतात, हेही मला एकटीलाच ठाऊक होते. ते गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ती पावती ते पालथी टोचत.

वर्ष संपले की चष्मेवाले मला खिळ्यावरून काढत आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसत. त्या दिवसाची मी वाट पाहायची. सगळे कागद माझ्यावरून उतरत आणि त्यातून एक ढीग वेगळा निघे. डॉक्टर, औषधे, तपासण्या, आणि सर्वांत वर आरोग्य विम्याच्या हप्त्याची पावती.

मला मोठे नवल वाटे. आजारपणाचेच कागद का निवडायचे? हळूहळू उलगडले. माणूस वर्षभर जे कमावतो त्याचा काही भाग त्याला कर म्हणून द्यावा लागतो. पण विम्याचा हप्ता भरला असेल, औषधपाण्यावर पैसे गेले असतील, तर नियमात बसेल तेवढी रक्कम कमाईतून वजा करता येते. उरेल त्याच्यावरच कर. चष्मेवाले अंदाजाने कर आधीच भरून ठेवत, म्हणून वर्षअखेरीला थोडाफार परत येई. म्हणजे सरकारही वर्षातून एकदा विचारते, ‘बरे आहात ना? नसाल तर कागद दाखवा.’ मला ते आवडले.

वन्संना मात्र हप्त्याचे कोडे सुटत नसे. एका वर्षी त्यांनी भावाला विचारलेच.

“दादा, इतकी वर्षं आपण हप्ता भरतो. आजारी तर कोणी पडलं नाही. मग ते पैसे गेले कुठे?”

“दुसऱ्या कोणाच्या तरी आजारपणाला.”

“कोणाच्या?”

“नाव सांगत नाहीत ते.”

त्यानंतर कित्येक दिवस वन्सं दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत. कोणी काठी टाकून चालायला लागलेला दिसला की काकूंना हळूच म्हणत, “हा आपला असेल का गं?” काकू हसत, पण पुढच्या वेळी त्याही मान वर करून पाहत.

आता मी तुम्हाला त्या पावतीकडे नेते.

त्या वर्षी वन्संचा डावा कान पार मिटला. चष्मेवाल्यांनी ठरवले, डाव्या कानालाही यंत्र घ्यायचे. वन्संनी पुष्कळ नाही म्हटले. “तुम्ही दोघंच तर बोलता घरात. तेवढ्याला एक कान पुरतो.” पण भावाने ऐकले नाही. बहिणीला कानाच्या यंत्रांच्या दुकानात नेले, कान तपासला, डाव्या कानाचा साचा घेतला आणि थोडे पैसे आगाऊ भरले. दुकानदार म्हणाला, साचा नाव घालून ठेवतो, उरलेले पैसे आणाल तेव्हा यंत्र घेऊन जा. चष्मेवाल्यांनी घरी येऊन ती पावती मला टोचली. शाईने लिहिलेली, निळ्या अक्षरांची. ‘डावा कान, साचा, आगाऊ रक्कम जमा.’

“यंदाचा कर परत आला की उरलेले भरू,” ते म्हणाले. “मी कबूल केलंय म्हणजे केलंय.”

ते घर कधी उधळे नव्हते आणि कधी श्रीमंतही नव्हते. अशा घरात मोठी वस्तू एका झटक्यात येत नाही, कशावर तरी थांबून येते.

आणि मग त्या निळ्या पावतीवर दुसरेच कागद चढू लागले. छातीचा फोटो. रक्ताची तपासणी. पुन्हा छातीचा फोटो. औषधे, महागडी औषधे, त्याहून महागडी. मी वाचत होते आणि मला काही कळत नव्हते असे नाही. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण माझ्यावरच्या कागदांची थप्पी बोटाबोटाने वर येत होती. काचा घासायचे यंत्र चालत नाही हे मला आवाज थांबल्यावरून कळायचे.

ते हॉस्पिटलला निघाले तो दिवस मी सुरुवातीला सांगितला. आकड्यात अडकलेला तो आवाज त्या दिवसाचा. ते वाक्य दोघींना सांगून झाल्यावर ते उंबऱ्यात थांबले आणि काकूंकडे वळून हळू म्हणाले, “डाव्या कानाचं राहिलं गं.”

“मी बघते,” काकू म्हणाल्या.

दोघे वन्संच्या डाव्या कानाच्या बाजूला उभे होते. त्यांना यातले काहीच ऐकू गेले नाही.

चष्मेवाले परत आले नाहीत. काही दिवसांनी त्यांच्या जाण्याचा दाखला घरी आला. वन्संनी तो माझ्यापर्यंत आणला, आकड्याजवळ धरला, त्यांना तो टोचवेना. तसाच परत नेऊन त्यांनी कपाटात सपाट ठेवला.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने मी मोजले नाहीत. माझ्याकडे कोणी आले नाही. आलेली बिले टेबलावर बशीखाली राहत. दुकान बंद, त्यामुळे चौकटीत उन्हाच्या आड येणारेही कोणी नव्हते; स्वयंपाकघराच्या खिडकीतले ऊन सरळ माझ्यावर पडे, दिवसभर. यंत्रातून छापून आलेल्या औषधांच्या पावत्या त्या उन्हात फिकट होत गेल्या. मला ते दिसत होते. काचेमुळे जरा मोठेच दिसत होते. पण मी तार. ऊन लागतेय म्हणून मी ओरडणार कशी?

वर्ष संपले. एका सकाळी काकूंनी पदर खोचला, स्टूल ओढले आणि मला खिळ्यावरून काढले.

“वन्सं, यंदा हे मी करणार,” त्या उजवीकडून म्हणाल्या.

“तुला येतं?”

“नाही. म्हणूनच तर सकाळी बसतेय.”

त्या टेबलावर बसल्या, जिथे ते बसत. एकेक कागद उतरवून वाचू लागल्या. काही कागद वाचताना हात थांबे. पुढे सहा पावत्या निघाल्या त्या पार कोऱ्या. काकूंनी त्या उजेडाकडे धरल्या, तिरक्या धरल्या, चष्मा बदलून पाहिला. मग उठल्या आणि औषधांच्या दुकानात जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा हातात सहा नव्या पावत्या होत्या आणि चेहऱ्यावर थोडे हसू. औषधवाला म्हणे, “काकू, कोरे कागद घेऊन आलात, मला वाटलं माझीच परीक्षा घ्यायला आलात.” पण त्याने जुनी नोंद काढून छापून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडले. किती वर्षांनी! छत्रीत होते तेव्हा रस्ता वरून पाहिला होता, आता पिशवीतून डोकावून पाहिला. काकूंनी सगळे कागद पुन्हा क्रमाने माझ्यावर चढवले होते; सुटे नेले तर तो क्रम मोडेल, म्हणून मला अख्खीच्या अख्खी घेतले. कर कचेरीच्या दाराशी पहारेकऱ्याने पिशवी उघडली.

“बाई, हे टोकदार आहे. आत नेता येणार नाही.”

“मग माझा नवरा बाहेर ठेवू का?” काकू शांतपणे म्हणाल्या. “त्याचं अख्खं वर्ष आहे यात.”

पहारेकरी गोंधळला. शेवटी त्यानेच आपल्या टेबलावरचे खोडरबर माझ्या टोकाला खोचून दिले आणि आत सोडले.

खिडकीवर एक बाई होत्या. पातळ ओठ, जाड चष्मा, बोलणे मोजके. त्यांनी एकेक कागद पाहिला, आकडे मांडले, फॉर्मवर कुठे काय लिहायचे ते दाखवले. मग नेहमीचा प्रश्न विचारल्यासारखे विचारले, “या खर्चापैकी विमा कंपनीकडून काही परत आलं का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. माझ्यावर तसा कागद एकही नव्हता.

“नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सही केली. फॉर्म आत गेला. बाईंनी अंदाजाने किती परत येईल ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. येताना काकू सरळ घरी आल्या नाहीत. कानाच्या यंत्रांच्या दुकानात शिरल्या आणि डाव्या कानाची किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. काकूंनी चिठ्ठी पाहिली, पुन्हा पाहिली. पुरत होते. वर थोडे उरतही होते. घरी येईपर्यंत त्यांची पिशवी माझ्यासकट हलकी झाल्यासारखी हलत होती.

वन्संना त्यांनी यातले काही सांगितले नाही. सांगितले असते तर वन्संनी मोडता घातला असता, हे मलाही ठाऊक होते. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी दोघी चहा घेत बसल्या. काकू मोकळ्या मनाने कचेरीतल्या गमती सांगत होत्या. खोडरबराची सांगितली, बाईंच्या चष्म्याची सांगितली.

“आणि विचारतात, विमा कंपनीनं काही परत दिलं का. म्हटलं, कुठलं काय.”

वन्संनी कप खाली ठेवला. “आलं होतं की.”

“काय आलं होतं?”

“पत्र. दादा गेला त्याच आठवड्यात. पोस्टमननं माझ्या हातात दिलं.” वन्सं उठून दुकानात गेल्या, वाया गेलेल्या काचांचा खण उघडला आणि त्यातून एक लिफाफा काढून आणला. “हे बघ. अमुक इतकी रक्कम खात्यात जमा केली, म्हणून लिहिलंय. आलेलं होतं, म्हणून तारेवर नाही लावलं. दादानंच सांगितलं होतं ना.”

काकूंनी पत्र वाचले. बँकेत एकदा अचानक जास्त पैसे दिसले होते, ते त्यांना दुकानाची जुनी शिल्लक वाटले होते. हॉस्पिटलच्या उरलेल्या बिलात आणि दुकानाच्या थकलेल्या भाड्यात ते केव्हाच गेले होते. पैसे उरले नव्हते, पण आले होते हे खरे.

मित्रांनो, चूक कोणाची म्हणायची? वन्संनी शब्द पाळला होता. काकूंनी तारेवर विश्वास ठेवला होता. आणि मी? गेलेले सगळे मी धरून ठेवले, आलेल्याचा मला पत्ताच नव्हता. चष्मेवाले असताना दोन्ही बाजू त्यांच्या डोक्यात असत. आम्हा तिघींकडे अर्धे अर्धेच होते.

काकूंनी दिवा लावला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. विम्याने दिलेला पैसा पुन्हा आपला खर्च म्हणून दाखवला, तर तो खर्च एकदा झाला आणि दोनदा भरून निघाला. मुकाट्याने राहिले तर डावा कान मिळतो. फॉर्म दुरुस्त केला तर परतावा कमी होतो, किमतीला पुरत नाही.

शेवटी त्या दिव्याला म्हणाल्या, “आज खिडकीवर खोटं बोलले. माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

मग माझ्यापाशी आल्या. मला म्हणाल्या की त्यांना, कोण जाणे. “अहो, कबूल तुम्ही केलंत आणि बघते मी म्हटलं. आता कसं बघू, ते तरी सांगायचं.”

मला सांगता आले असते तर मी तेव्हाच सांगितले असते.

सकाळी वन्सं समजूत घालत होत्या. “दुरुस्त करून टाक वहिनी. कमी आलं तर आलं. आपल्याला आता लागतंय काय एवढं?” काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. जिच्यासाठी जीव अडकला होता, तीच सोडून द्यायला सांगत होती. त्यांनी फक्त म्हटले, “तुम्हीही चला बरोबर. पत्र तुमच्या हाती आलं होतं.”

पहारेकऱ्याने या वेळी खोडरबर तयार ठेवले होते.

खिडकीवरच्या बाईंनी पत्र वाचले. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, बरे झाले आपणहून आलात, वेळेत दुरुस्ती करता येते. त्यांनी विम्याची रक्कम वजा केली. चिठ्ठीवरचा जुना आकडा काकूंच्या डोळ्यांसमोर खोडला गेला आणि खाली नवा आला. काकूंनी तो पाहिला आणि हाताची घडी घातली.

बाई पुढचा रकाना वाचत होत्या. “तुमच्यावर अवलंबून असलेलं घरात आणखी कोणी? त्यांच्या औषधपाण्याचा काही खर्च?”

“या माझ्या नणंद. पण यांचा काही खर्च नाही. यंत्र जुनंच आहे, एक साच्याची पावती आहे ती लावलीय.”

वन्सं खिडकीच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या, म्हणजे त्यांचा उजवा कान नेमका बाईंकडे होता. त्यांनी मांडीवरचे लोकरीचे चष्म्याचे घर उघडले आणि त्यातून चष्म्याऐवजी कागद काढले. बारीक बारीक घड्या घातलेले. एक, दोन, चार, मग मूठभर. यंत्राच्या बॅटऱ्या. कानाचे थेंब. यंत्राची दुरुस्ती. कानाच्या डॉक्टरांच्या दर दोन महिन्यांच्या पावत्या.

काकूंनी एक कागद उचलून त्यावरचे नाव वाचले. मला धक्काच बसला. माझ्याच घरातले इतके कागद, आणि एकही माझ्या टोकावरून गेला नव्हता!

“हे कुठल्या पैशातून?” काकूंनी विचारले.

“तू दर महिन्याला हातखर्चाला देतेस ना, त्यातून.”

“ते तुम्हाला लोकर, चपला, काही खावंसं वाटलं तर म्हणून देत होते मी.”

“मला ऐकावंसं वाटलं,” वन्सं म्हणाल्या.

“मग तारेवर का नाही लावलंत?”

वन्संनी घडी उलगडता उलगडता मान खाली घातली. “तारेवर लावलं असतं, तर दादाला दिसलं असतं, वहिनी. त्यानं मला लागणारं कधी मोजलं नव्हतं. मला वाटलं, मोजायला लावू नये.”

बाईंनी कागद आपल्याकडे ओढले आणि एकेक सपाट करू लागल्या. म्हणाल्या, “पैसे तुम्ही दिलेले, माणूस तुमच्यावर अवलंबून. म्हणजे हा खर्च तुमचाच. यातले बसतील ते लावते.” सगळे बसले नाहीत. दोन पावत्या मागच्या वर्षीच्या निघाल्या, एकीवर तारीखच नव्हती. पण उरलेल्यांनी चिठ्ठीवरचा आकडा पुन्हा थोडा वर सरकला.

पहिल्या आकड्याइतका मात्र झाला नाही. कानाच्या किमतीला तो थोडक्यात कमी पडत होता.

घरी आल्यावर काकूंनी वन्संच्या सगळ्या पावत्या एकेक करून मला टोचल्या. घड्यांच्या रेषा पडलेले ते कागद माझ्यावर नीट बसत नव्हते, मी तरी त्यांना घट्ट धरले. काकू म्हणाल्या, “यापुढे तुमचं दुखणं चष्म्याच्या घरात सापडलं, तर ते घर मी उसवीन.” वन्सं म्हणाल्या, “ऐकू आलं नाही.” ऐकू आले होते.

दोन महिने गेले. मला खिडकीच्या उन्हातून हलवून आतल्या भिंतीवर टांगले होते. दुकान पुन्हा अर्धा दिवस उघडू लागले. नंबर काढणे बंद, पण दुकानातल्या फ्रेमा आणि वन्संची लोकरीची घरे विकली जात. एक दिवस पोस्टमन आला. काकूंनी लिफाफा उभ्या उभ्या फोडला. कर परत आल्याचे पत्र होते.

त्या माझ्यापाशी आल्या. पत्र माझ्या आकड्याशी धरले. जरा थबकल्या. मग त्यांनी ते टोचले.

आलेल्याचा पहिला कागद! इतक्या वर्षांत गेलेलेच वाचत आले होते. आलेले कसे दिसते ते मी डोळे भरून वाचले. आकडा तोच होता, खिडकीवरच्या बाईंनी सांगितलेला, किमतीला थोडक्यात कमी. मला वाईट वाटले. काकूंना वाटले नाही. त्या माझ्यावरची थप्पी बोटांनी वर सारत होत्या, काही शोधत होत्या. आजारपण सरले, औषधे सरली, छातीचे फोटो सरले. त्याखाली निळी शाई दिसली.

‘डावा कान, साचा, आगाऊ रक्कम जमा.’

मित्रांनो, तेव्हा माझ्या लक्षात आले. दुकानदाराकडे ते पैसे आधीच पोचले होते. किमतीतून तेही वजा व्हायचे होते, आणि उरलेल्याला आलेला परतावा पुरत होता. चष्मेवाल्यांनी भरलेले, वर्षभर उन्हातही न पुसलेले. एवढे धरून ठेवले होते मी, आणि मलाच ठाऊक नव्हते की कशासाठी.

म्हणून माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरातले कागद टाकून देऊ नका आणि उन्हात ठेवू नका. गेलेल्याचे ठेवा, तसे आलेल्याचेही ठेवा. आणि घरातले कोणी आपले दुखणे घडी घालून लपवत असेल, तर ती घडी रागावून उलगडू नका. जवळ बसा, सपाट करा, तारेवर लावा. मग माझ्यासारखी एखादी जुनी काडीही ते सांभाळून ठेवील.

काकूंनी निळी पावती अलगद काढली. भोक फाटू नये म्हणून दोन बोटे लावून काढली. ती पिशवीत ठेवली, पायात चपला सरकवल्या. वन्सं आत विणत बसल्या होत्या, डावा कान दाराकडे. एक घर विणून झाले होते, दुसऱ्याचे टाके त्या पुटपुटत मोजत होत्या.

काकूंनी दार हळूच ओढून घेतले.

वन्संना ते वाजलेले ऐकू आले नाही. मला आले.